सही केलेले मत

बद्रुद्दीन मास्तरांनी सातवा कागद उलगडला आणि त्यांचा आवाज थांबला.

आधीचे सहा कागद त्यांनी उलगडताक्षणी मोठ्याने वाचून टेबलावर ठेवले होते. तीन डावीकडे, तीन उजवीकडे. सातव्याला मात्र कुठलाच ढीग मिळेना. मास्तरांनी चष्मा काढला, कोटाच्या कडेने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. लोणावळ्याच्या बाजारामागच्या त्या शाळेत सात मोठी माणसे पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. घाट चढून आलेल्या गाडीची चाके दूर स्टेशनात किरकिरली, थांबली. 

मास्तरांच्या त्या थांबण्याची भीती वाटत नव्हती ती एकट्या हौशीरामाला. शेवटच्या बाकावरून तो मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहत होता. ते आपल्या कागदापाशी पोचले आहेत हे त्याने ओळखले होते. अक्षर पाहून थांबले असतील, आता मान वर करतील, मिशीतल्या मिशीत हसतील, अशी त्याची समजूत होती.

"या कागदावर नाव आहे," मास्तर म्हणाले.

"दोन हायेत की, छापल्याली," पुढच्या बाकावरून महिपती म्हणाला. तळेगावकडचा हा तरणा कंत्राटदार सकाळपासून साऱ्यांना हसवत होता. आताही एकदोघे हसले.

"तिसरं आहे. हातानं लिहिलेलं."

ते एकोणीसशे एकोणचाळीस साल होते, जानेवारीतला शेवटचा रविवार. काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी त्या दिवशी साऱ्या देशात मते पडत होती. एरवी अध्यक्ष एकमताने ठरत असे. या खेपेस दोन उमेदवार समोरासमोर होते, एक बंगालचे, एक आंध्रचे. प्रत्येक प्रांताने आपल्या प्रतिनिधींची मते घ्यायची आणि बेरीज वर कळवायची. महाराष्ट्राच्या बेरजेत मावळ आणि शेजारचा मुलूख यांची सात मते होती. त्यांतले एक हौशीरामाचे. मास्तर नुसते मते घेऊन मोजायला नेमलेले.

तो प्रतिनिधी झाला होता तो कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही म्हणून. तालुक्यातले दोन्ही गट एकमेकांचा माणूस पुढे येऊ देईनात. अखेर खंडाळ्याच्या एका बंगल्यावर माळीकाम करणाऱ्या, सभेत सतरंज्या अंथरणाऱ्या आणि मागे उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्या हौशीरामाचे नाव कोणीतरी सुचवले. सगळ्यांनी हात वर केले. त्यानेही केला.

"राजा निवडाय चाललाय म्हनं आमचा मानूस," सकाळी झुंबरबाईने भाकरी थापता थापता शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हटले होते. "आन् घरात मीठ आननं निवडता येईना."

"राजा न्हवं. अध्यक्ष."

"त्यो काय करतो?"

हौशीरामाने विचार केला. "समद्यांच्या वतीनं बोलतो."

"मग तुमालाच उबं करायचं व्हतं. चाळीस वर्सांचं बोलनं शिल्लक हाय तुमचं." असे म्हणत तिने धुतलेली खादीची बंडी त्याच्या अंगावर चढवली, आणि उसवलेली शिवण झाकावी म्हणून ती खांद्यावर दोनदा ओढून नीट केली. तो दिसेनासा होईपर्यंत दारात उभी होती. हे त्याने मागे वळून पाहिले नव्हते, तरी त्याला ठाऊक होते.

महिपती आता उठून मास्तरांच्या खांद्यावरून वाकून कागद पाहत होता. "हौशीराम," त्याने अडखळत वाचले. मग त्याची नजर खाली घसरली आणि भुवया वर गेल्या. "अन् खून बंगालच्या नावापुढं. हौशीरामभाऊ, तुमी आमच्याकडं? आन् पत्ता लागू दिला न्हाई."

सहाही माना मागे वळल्या. भर बाजारात बंडी उतरवावी लागल्यासारखे हौशीरामाला झाले. तो मास्तरांकडेच पाहत राहिला. मास्तर कागदाकडे पाहत होते.

"नाव घातलेलं मत चालत न्हाई," खादी भांडाराचा कोंडाजी बोलला. आंध्रच्या बाजूने गावोगाव फिरलेला तो गृहस्थ होता. "मत गुप्त. ज्याची वळख पटली त्ये रद्द. सकाळी मास्तरांनीच वाचून दाखवलंय."

ते खरे होते. मास्तरांनी वाचले होते: मतपत्रिकेवर मतदाराची ओळख पटेल अशी खूण असता कामा नये. हौशीरामाने ते कान देऊन ऐकले होते आणि पडद्याआड जाण्यापूर्वी डाव्या हाताचा अंगठा धोतराला दोनदा घासून पुसला होता. सरकारदरबारी आपली ओळख म्हणजे अंगठा, एवढेच त्याला आयुष्याने शिकवले होते. कागदावर त्याचा डाग पडू नये म्हणून तो फार जपला. मग त्याने फुली केली, आणि फुलीखाली, पुसट वाटू नये अशा बेताने जोर देऊन, आपले नाव लिहिले. नावावाचूनचा कागद दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, हा तर त्याचा नेमच होता.

तो नेम मास्तरांनीच घालून दिलेला. विसेक वर्षांपूर्वी आंदर मावळातले त्याचे गाव धरणाच्या पाण्याखाली जायचे ठरले, तेव्हा साहेबाच्या तंबूत त्याला एक संमतीचा कागद दाखवण्यात आला होता. तळाशी निळा, पसरट अंगठा. "हा तुझा ना?" कारकुनाने विचारले. "माजा न्हाई," हौशीराम म्हणाला. त्याने तो दिलाच नव्हता. कारकून हसला. अंगठे सगळे सारखेच दिसतात, म्हणाला. मग 'उठा' असा हुकूम आला आणि गाव उठले. दाराच्या चौकटी, उखळ, देवाचा दगड, जे उचलता आले ते उचलून माणसे डोंगरावर चढली, आणि भातखाचरांवर पाणी कसे हलकेच, जणू दिलगिरीने, चढत गेले ते वरून पाहत बसली.

तीस साली सत्याग्रहात राखीव रानातले गवत कापल्याबद्दल त्याला सहा महिने शिक्षा झाली. तुरुंगात त्याच्याच बराकीत बद्रुद्दीन मास्तर होते. फरशीवर कोळशाने त्यांनी त्याला चार अक्षरे शिकवली. एकट्या 'हौ'ला महिना लागला. त्याच्या दोन मात्रा हौशीरामाच्या हातून पाखरासारख्या उडून जात. "अंगठा कुणाचाही म्हणता येतो, हौशीराम," मास्तर म्हणत, "नाव तुझंच राहतं. ते घातल्याशिवाय कागद कुणाला देऊ नकोस." सुटल्यानंतर आठ वर्षे, दर रविवारी, दोघे तलावापर्यंत चालत जात. मास्तर वर्तमानपत्र वाचून दाखवीत, हौशीराम ऐके. तीन दिवसांपूर्वी मात्र रविवारची वाट न पाहता मास्तरांनी वरिष्ठ पुढाऱ्यांचे पत्रक वाचले होते: बंगालच्या उमेदवाराने माघार घ्यावी, निवडणूक बिनविरोध होऊ द्यावी. "वडीलधाऱ्यांचं ऐकण्यात शोभा आहे," एवढेच ते म्हणाले होते. हौशीरामाने मान डोलावली होती.

"सही ह्यांचीच, हे कशावरनं?" महिपतीचा आवाज आता बदलला होता, त्यात चेष्टा उरली नव्हती. "कागूद टाकताना टेबलाजवळ समदेच घोळका करून व्हते. कुनी मस्करीत नाव लिवलं आसंल. हौशीरामभाऊ, तुमी निस्तं म्हना, सही माजी न्हाई. नवा कागूद घ्या, परत मत द्या. का वं मास्तर?"

मास्तरांनी टेबलावरचे नियमांचे पान उचलले. वाचण्यासाठी नव्हे, हातांना काहीतरी हवे होते. "दुसऱ्यानं कागद खराब केला असं त्यानं सांगितलं, तर मला नवा द्यावा लागेल," ते हळू म्हणाले.

"सांगू द्या की," कोंडाजी म्हणाला. "त्येच्या तोंडनं ऐकू द्या."

तीन आणि तीन. हौशीरामाला हिशेब कळत होता. प्रांताच्या बेरजेत या खोलीने काय भर टाकायची ते त्याच्या एका वाक्यावर येऊन अडले होते. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी त्याला विचारले होते, कोण हवा; त्याने सांगितले होते; आणि ते सांगणे टिकवायचे तर आता एवढेच म्हणायचे होते, की हे नाव माझे नव्हे. तंबूत तो खरे बोलला होता आणि ते खोटे ठरले होते. इथे खोटे बोलला तर ते खरे धरले जाणार होते.

तो उठून उभा राहिला. बाक खाली करकरला.

"सही माजी हाय," तो म्हणाला.

"भाऊ, नीट इचार करा."

"केला. मास्तरांनीच शिकवलंया मला. त्यास्नी वळखू येतं माजं अक्षर."

"आवं, मग मत गेलं तुमचं."

"जाऊ द्या."

महिपतीने कपाळावर हात मारला आणि खिडकीकडे तोंड केले. मास्तरांनी कोटाच्या खिशातून तांबडी-निळी पेन्सिल काढली. तांबडे टोक कागदावर क्षणभर अधांतरी राहिले. मग त्यांनी फुलीवरून, नावावरून, तिरका शब्द लिहिला: रद्द. शाळेत चुकलेल्या गणितावर लिहीत त्याच वळणदार अक्षरात.

तीन, तीन, एक रद्द. आकडे लिहून झाले, पाकीट लाखेने बंद झाले. माणसे उठली, गुडघे झटकीत बाहेर पडली. जाताना कोंडाजीने हौशीरामाच्या पाठीवर थाप मारली. विजयाची होती की कीव करणारी, हे त्याला कळले नाही.

तो पायरीवर थांबला. रविवार होता, आणि रविवारी ते दोघे बरोबर निघत. मास्तरांनी खोलीला कुलूप लावले, पाकीट काखेत घेतले, छत्री उचलली. दोघे बाजाराच्या बाहेर आले. थंडीतले ऊन डोंगरांच्या कडांवर पातळ झाले होते.

"आधी मला विचारायचं होतंस," मास्तर अखेर म्हणाले.

"काय? सहीचं का मताचं?"

"दोन्ही."

"मताचं इचारलं आसतं तर तुमी सांगितलं आसतं. मग मला मोडता आलं नसतं."

"म्हणून सही करून मला दाखवलंस?"

"दाखवाय न्हवं, मास्तर." हौशीराम थबकला. एवढे बोलण्याची त्याला सवय नव्हती. शब्द त्याला उखळासारखे दोन्ही हातांनी उचलावे लागत होते. "तुमच्या इरुद्ध जायचं तर तोंड लपवून कसं जायचं, म्हनून."

रस्त्यावरून गवताच्या भाऱ्यांची गाडी गेली. ती जाईपर्यंत दोघे कडेला उभे राहिले.

"पण बंगालच का? त्या माणसाबद्दल तुला काय ठाऊक?"

"कायबी न्हाई. तुमीच वाचलं व्हतं न्हवं? मोठमोठ्यांनी त्यास्नी सांगितलं, बाजूला व्हा, जागा मोकळी करा. त्ये झालं न्हाईत." तो उत्तरेकडच्या डोंगरांकडे पाहत होता, ज्यांच्यामागे त्याचे गाव आता पाण्याखाली होते. "आमाला 'उठा' म्हनलं, तवा आमी उठलो. समदं गाव उठलं. मला वाटलं, एक तरी न उठनारा आसावा."

मास्तरांचा हात छत्रीच्या मुठीवर आवळला. "नियमात बसत नव्हतं, हौशीराम. मी नियमाप्रमाणे केलं."

"व्हय की. मी कुटं न्हाई म्हनतोय?"

पुढे रस्ता फुटत होता. एक फाटा तलावाकडे, दुसरा उतरणीने स्टेशनच्या तारघराकडे. हौशीराम तिथे थांबला. जे विचारायचे होते ते खोलीतच त्याच्या मनात उगवले होते, तांबडे टोक कागदावर अधांतरी थांबले तेव्हा. राग त्यात नव्हता. बराकीत एखादे अक्षर अडले की ज्या स्वरात तो विचारी, त्याच स्वरात त्याने विचारले.

"मास्तर, माजी फुली दुसऱ्या नावापुढं आसती, तरी तुमी 'रद्द'च लिवलं आसतं?"

बद्रुद्दीन मास्तरांनी त्याच्याकडे पाहिले. हौशीराम वाट पाहत राहिला. वाट पाहणे त्याला येत होते. मग मास्तरांनी पाकीट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतले आणि आकडे तारेने वर कळवायला ते तारघराच्या दिशेने वळले. त्या उतरणीवर ते नेहमी हौशीरामाच्या खांद्याचा आधार घेत. आज एकटेच, छत्रीच्या टोकाने प्रत्येक दगड चाचपीत, खाली उतरत गेले.