नांगरकाकांची निवड

"हे नको!" नांगरकाकांनी तिसरं यंत्र दुकानदाराकडे सरकवलं. "ह्यात भरती दाखवतंय ती बंदराची. आमच्या खाडीच्या तोंडाशी पाणी पाऊण तास उशिरा चढतं. ह्याच्या भरवशावर राहिलो तर होडी चिखलात बसेल की!"

दुकानदाराने निमूट चौथा डबा उघडला. काकांना हुरूप चढला. होडी पुतण्याची, पण अक्कल काकांची, हे आज चारचौघांत दिसत होतं. चाळीस वर्षं त्यांनी त्या होडीवर नांगर राखला; आता त्या राखणीला हे यंत्र येणार होतं. इंजिनाला उशाशी घेऊन झोपायचे, पण नांगर घसरला की फळीतून पाठीला कळायचं आणि काका ताडकन उठायचे. धक्क्यावरच्यांनी नाव उगाच नव्हतं ठेवलं.

सकाळी बायको म्हणाली होती, "अहो, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा कशाला पाडून घेताय?"

"शब्द दिलाय पुतण्याने," काका म्हणाले होते. "यंत्र आलं तरी सांभाळायला होडीवर मीच."

चौथं यंत्र त्यांना पसंत पडलं. हव्या त्या जागेसाठी भरती-ओहोटीची वेळ मागेपुढे करता येत होती, आकडेही ठसठशीत.

"नांगर घसरला की ओरडतं ना? वाजवून दाखवा बघू."

दुकानदाराने बटण दाबलं. काका वाट बघत राहिले. दाराशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने कानात बोट घातलं.

"अहो, वाजवा की! कसली वाट बघताय?"

"काका," शेजारी उभा पुतण्या म्हणाला, "मघापासून वाजतंय."

काकांनी यंत्र कानाशी धरलं, तरी काही नाही. माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, इंजिन ऐकू येत होतं; हा असला बारीक आवाज त्या मेल्या इंजिनाने कधी खाल्ला, देव जाणे.

"दुसरं बघू," ते घाईघाईने म्हणाले. "जाड आवाजाचं."

"कशाला? तुमची निवड अचूक आहे. हेच द्या हो. आणि काका, तुम्ही उद्यापासून घरीच आराम करा."

"अरे, मला कान कशाला हवेत? माझ्या पाठीला कळतं."

"मग यंत्र काय तुमच्या पाठीला बांधू?"

दुकानदार खो खो हसला.

"शब्द दिला होतास रे तू."

"ऐकू येणाऱ्या माणसाला दिला होता," पुतण्या म्हणाला आणि त्याने डबा बांधायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी राहवलं नाही म्हणून काका धक्क्यावर गेले. समोर, हाकेच्या अंतरावर, पुतण्या नांगर टाकत होता.

"नांगर तळाला लागला की लगेच बटण दाब!" काका ओरडले. "होडी मागे सरकल्यावर दाबलंस तर यंत्र नांगराची जागा चुकीची धरेल!"

"पुस्तकात सगळं लिहिलंय! घरी जा!"

होडी मागे सरकत दोर ताणून थांबली. मग त्याने सावकाश बटण दाबलं, छोट्या नावेतून तो किनाऱ्याला आला आणि काकांकडे न बघता जेवायला निघून गेला.

ओहोटी लागली. पाणी फिरलं तशी होडीही नांगराभोवती फिरून पलीकडे, यंत्राने धरलेल्या जागेपासून दूर गेली. नेहमीचंच ते. नांगर जागचा हलला नव्हता, हे काकांना दोरावरून लांबूनही दिसत होतं.

तेवढ्यात जाळी शिवणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. एकीने कान झाकले. धक्क्यावरची माणसं होडीच्या दिशेने कडेला धावू लागली. त्यांच्या तोंडांकडे बघून काकांना कळलं, ते वाजतंय.

"नांगर पक्का आहे," ते म्हणाले. "उगाच ओरडतंय ते."

त्या आवाजात ते कोणालाच ऐकू गेलं नाही.