व्हेलनचं कुलूप

मनोऱ्यावर चढणारा प्रत्येक माणूस आधी पंच्याऐंशीव्या मजल्यावर एमिल क्राउसच्या खोलीत जाई, भिंतीवरच्या मोठ्या स्विचला स्वतःचं कुलूप घाली आणि किल्ली खिशात टाकून वर निघे. कुलूप लटकतंय तोवर अँटेनात वीज सोडायची नाही. सोडली, तर वर अँटेनाला बिलगून काम करणारा माणूस जागच्या जागी भाजून निघणार. खाली आल्यावर ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. किल्ली हरवली तर कुलूप कापता येई, पण माणसाचं तोंड बघून, निदान त्याचा आवाज ऐकून. हा नियम कुठं छापलेला नव्हता. छापलेले नियम आमच्याकडे पुष्कळ होते. ते कोणी पाळत नसे.

एम्पायर स्टेटच्या शहाऐंशीव्या मजल्यापासून अगदी वरच्या घुमटीपर्यंत जी छोटी लिफ्ट जाते, ती तेव्हा मी चालवायची. त्या डब्यात माणसं नाकासमोर उभी असतात, त्यामुळे त्यांचा हिशेब आपोआप लागत जातो. कोरड्या थंडीत वर जोडप्यानं चुंबन घेतलं, की ओठांवर ठिणगी उडे. नवीन लग्न झालेले ती प्रेमाच्या खात्यावर मांडत, जुने बुटांच्या. वारा खालून वर येई, म्हणून बर्फही कधी कधी वर जाताना दिसे, आणि पाहुणे माझ्याकडे अशा नजरेनं बघत, जणू ती व्यवस्था मीच केली होती.

मनोरा मुळात फुग्यासारखी तरंगणारी हवाई जहाजं दोरानं बांधून ठेवायला काढला होता. जहाजाच्या नाकातून फळी टाकायची आणि उतारूंनी हातात पेटी घेऊन, ढगातून चालत आत यायचं, असा मालकांचा बेत. कोणी आलं नाही. माझ्या लिफ्टच्या वरच्या मजल्यावर, गुडघ्याएवढ्या कठड्याच्या अरुंद गच्चीवर उघडणारं एक दार मात्र राहून गेलं. पाहुण्यांना ते दाखवत नसत. मग त्या रिकाम्या टोकाला रेडिओवाले चिकटले, त्यांच्यामागून टेलिव्हिजनवाले.

त्यातला पहिल्यापासूनचा माणूस एमिल. रिजवुड वस्तीतला जर्मन, गोल, पांढरा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत. साऱ्या शहरात चित्र दिसणाऱ्या पेट्या मूठभर होत्या, तेव्हापासून तो इथून चित्रं सोडत होता. दुसरा कोन व्हेलन, मूळचा न्यूफाउंडलंड बेटावरचा, आता ब्रुकलिनचा. युद्धानंतर मनोऱ्यावर लांबलचक नवी अँटेना उभी केली, त्या टोळीतला. एमिलच्या मते मनोरा म्हणजे त्यातून जाणाऱ्या लाटा. कोनच्या मते मनोरा म्हणजे लोखंड आणि त्यानं पिळलेले बोल्ट. दोघांनाही पाहुण्यांनी कधी विचारलं नाही.

त्यांची बोलचाल नाताळापासून बंद होती. नाताळच्या मेजवानीत, स्टेशनचे व्यवस्थापक मिस्टर प्रूइट जवळच उभे असताना, कोन मोठ्यानं म्हणाला होता, "एमिल, काल तुझ्या स्टेशनवर बॉक्सिंग पाहिलं रे. रिंगणात चौघं होते. दोघं मार खात होते, उरलेले दोघं नुसते सोबतीला."

सगळे हसले. मिस्टर प्रूइटही हसले, आणि तेच एमिलला लागलं. लाटा वाटेतल्या इमारतींवर आपटून उशिरा पोचतात, म्हणून पडद्यावर माणसाशेजारी त्याचं भूत उमटतं, दोष अँटेनाचा नसतोच, हे त्यानं मला नंतर अर्धा तास समजावलं. कोनला ते दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण कोनला तो आता काहीच सांगत नसे. कोन येई, कुलूप घाली, जाई. एमिल पाठ करून बसे.

एप्रिलात बेसबॉलच्या मोसमातला ब्रुकलिनचा पहिला सामना होता, दुपारी. आमचं स्टेशन सकाळी बंदच असे, दुपारी सुरू होई. म्हणून वरची कामं सकाळी. त्या दिवशी कोन एकटाच चढला, कारण जोडीदाराची दाढ सुजली होती. थोड्या वेळानं ढग खाली आला. मी तेव्हा ओहायोच्या शाळेतल्या पोरी खाली आणत होते. लिफ्ट खच्चून भरलेली. त्यानंतर तिकीट खिडकीवर 'वरून काहीही दिसत नाही' अशी पाटी लागली आणि मी मोकळी झाले. कॉफी घेऊन एमिलच्या खोलीत गेले, तर तो घामाघूम होऊन कुलुपासमोर उभा. कुलपाला पत्र्याची चकती, तिच्यावर 'सी. व्हेलन' कोरलेलं.

"डेलिया, त्याला खाली आणलंस का?"

मी आणलं नव्हतं. पण जिना होताच, आणि पोरींची गर्दी बघून तो जिन्यानं उतरला असणं सहज शक्य होतं. एमिलनं तळमजल्यावर फोन केला. दारवान म्हणाला, गेला की, टोपी घालून, शिट्टी वाजवत. आमचा दारवान कुणाहीबद्दल विचारलं तरी हेच सांगे. कोनचा कोट मात्र घुमटीच्या खोलीत खिळ्यावर होता. पोरींना आणताना मीच पाहिला होता. ते एमिलला सांगितलं आणि सांगितल्याचा मला लगेच पश्चात्ताप झाला. त्याचा चेहरा उतरला.

तेवढ्यात मिस्टर प्रूइट आले. ते माणसाशी बोलताना त्याच्यामागच्या भिंतीकडे बघत. आज भिंतीवर घड्याळ होतं. सामन्याचे जाहिरातदार खाली स्टुडिओत येऊन बसले होते. कुलूप का आहे, माणूस कुठं आहे, दारवान काय म्हणतो, हे सगळं त्यांनी एका दमात विचारलं आणि चपराश्याला करवत आणायला पाठवलं.

"दारवानानं पाहिलंय ना? मग कापा."

"मी पाहिलेलं नाही," एमिल म्हणाला.

"क्राउस, तुमचं त्या माणसाशी पटत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. स्टेशन बंद ठेवून त्याची नोकरी घालवायचीय का तुम्हाला?"

एमिल कुलुपासमोरून हलला नाही. मी मनात मांडून पाहिलं. कापावं आणि कोन वर असावा, तर लोक म्हणणार, वैर साधलं. न कापावं आणि कोन घरी असावा, तर कुलूप विसरल्याबद्दल त्याची नोकरी जाणार, आणि लोक तेच म्हणणार. ज्या बाजूनं जावं तिथं एमिलच्या नावापुढे एकच शेरा. त्याचे हात एका जागी राहत नव्हते. कधी बटणं चाचपत, कधी फोन उचलून ठेवत. कोनच्या घरी फोन नव्हता.

करवत आली. एमिलनं ती मिस्टर प्रूइटना न देता स्वतःकडे घेतली, काखेत धरली आणि मला म्हणाला, "वर ने मला."

लिफ्टमधून उतरून तो थेट घुमटीच्या खोलीत गेला. खिळ्यावर कोट होताच. त्यानं कोटाचे खिसे चाचपले, किल्ली नव्हती. मग तो जिना चढून त्या अरुंद दारापाशी गेला. मी मागोमाग. एवढ्या वर्षांत एमिल दाराबाहेर कधी गेलेला नव्हता. उंचीची त्याला भीती होती, हे मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. बाहेर ढग असा दाटलेला, की कठडाही दिसेना. एका हातात करवत धरून तो अँटेनाखालच्या जाळीदार नळीतल्या शिडीला लागला आणि हळूहळू त्याचे बूटही दिसेनासे झाले. वरून त्याची हाक ऐकू येत राहिली. "व्हेलन. ए व्हेलन." मग थोडं थांबून, "कोन." उत्तर आलं नाही. वारा मात्र होता, आणि त्यात माणसाचं कण्हणं ऐकू आल्यासारखं दर थोड्या वेळानं वाटे.

तो उतरला आणि दाराची चौकट धरून उभा राहिला. शेंड्यापर्यंत जाववलं नाही, म्हणाला. नळी संपून उघडी शिडी लागते, तिथून परत फिरलो.

"म्हणजे वर नसणार रे," मी म्हटलं. "असता तर ओ दिली असती."

"बेशुद्ध माणूस ओ देतो का?"

खाली आलो तेव्हा सामना सुरू होऊन गेला होता. आमचा पडदा काळा. मिस्टर प्रूइट करवत मागत होते. एमिल करवतीवर बसला, खरोखरच बसला, खुर्चीत खाली ठेवून, आणि इतक्या अस्वस्थपणे बसला की खुर्ची करकरत राहिली. शेवटी मिस्टर प्रूइट म्हणाले की त्यांचा धीर संपला, पोलिसांना बोलावतो. त्यांनी हात घालायच्या आतच फोन वाजला. एमिलनं झडप घालून उचलला.

आवाज मलाही ऐकू आला, इतका तो चढलेला होता. कोन घराच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून बोलत होता. खारवलेल्या माशाचं ताट समोर घेऊन, शेजारच्या चौघांना घरी बोलावून बसलो होतो, आणि तुझ्या दळभद्री स्टेशनवर नुसता अंधार. सामन्यासाठी काम टाकून धावत घरी आलो, कोटसुद्धा विसरलो, ते हे बघायला? चार माणसं दाखवत होतास ते परवडलं, आता एकही दाखवत नाहीस.

एमिलनं डोळे मिटले. तो ऐकत राहिला, मला वाटतं, गरजेपेक्षा जरा जास्तच.

"कोन," तो म्हणाला, "पँटच्या खिशात हात घाल."

पलीकडून एक शिवी आली, स्वतःलाच दिलेली.

एमिलनं फोन ठेवला, उठून कुलूप कापलं, स्विच ओढला. खोलीतल्या पडद्यावर हिरवळ आली, माणसं धावताना दिसली. मिस्टर प्रूइटनी कापलेलं कुलूप उचलून चकती वाचली. या व्हेलनचा आज शेवटचा दिवस, असं ते भिंतीला म्हणाले.

"त्याची चूक नाही," एमिल म्हणाला. "तो निघताना मला विचारून गेला. मीच म्हटलं, जा, कुलूप मी कापतो. नंतर विसरलो."

"मग वर कशाला चढला होतात?"

"हवा खायला."

मिस्टर प्रूइटनी पहिल्यांदाच भिंत सोडून माणसाकडे पाहिलं. खोटं आहे हे त्यांना कळत होतं, पण जाहिरातदारांना सांगायला त्यांना नाव हवं होतं, आणि एक नाव समोर स्वतःहून उभं होतं. एमिलला दुसऱ्याच दिवसापासून न्यू जर्सीच्या दलदलीतल्या राखीव केंद्रावर पाठवलं. तिथं चित्र जात नाही, येत नाही. यंत्रावरची धूळ पुसायची. शेवट शेवट मला वाटलं, एमिलनं कोनला उपकारात असं बुडवून ठेवलं, की याहून पक्का सूड कुणाला सुचला नसता. पण शिडीवर त्याचे बूट ढगात जाताना मी पाहिले होते, त्यामुळे तो हिशेब मला पुरा करता आला नाही.

कोन त्याच संध्याकाळी किल्ली घेऊन धावत आला होता. एमिल निघून गेलेला. दुसऱ्या दिवशी कोन नवीन कुलूप घेऊन आला. एमिलच्या जागेवर एक तरतरीत, हसरा इंजिनिअर बसला होता. मी दारात होते. कोननं स्विचला कुलूप घातलं, पण हात काढेना.

"मी वर राहिलो आणि खाली सगळे म्हणाले, तो घरी गेला, तर तू काय करशील?"

"दारवानाला विचारीन," नवा म्हणाला. त्याला तो विनोद वाटला.

कोननं कुलूप काढून खिशात टाकलं. माझ्या मागोमाग जिना चढून लिफ्टपाशी आला. बाकावर दोन रंगारी दोर घेऊन वर चढायची आपली पाळी यायची वाट बघत बसले होते. त्यानं त्यांना हळू आवाजात काय सांगितलं ते मला नीट ऐकू आलं नाही, 'दारवान' एवढा शब्द कळला. मी लिफ्टचं दार उघडून धरलं होतं. रंगाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, दोर खांद्यावर टाकले, आणि तिघंही खाली जाणाऱ्या मोठ्या लिफ्टच्या रांगेत जाऊन उभे राहिले. न्यू जर्सीची बस कुठून सुटते, हे कोन पुढच्या माणसाला विचारत होता.