एकतीस हजार म्हणे!

गाडी सापडल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या लेकीची, गोटीची, नखं कापत होते. ती झोपलेली असतानाच ते जमतं, आणि तेव्हाही श्वास रोखून. नवरा फोनवर नुसतं "हो, हो, आमचीच" म्हणत होता. फोन ठेवून तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आई, गाडी मिळाली."

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मटार सोलत होत्या. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा सोलायला लागल्या. थोड्या वेळाने मी आत गेले तर सालं सगळी पातेल्यात आणि दाणे कचऱ्याच्या पिशवीत. मी दाणे वेचून धुऊन घेतले.

चार महिन्यांपूर्वी गोटीच्या पाळणाघरासमोरून ती गाडी चोरीला गेली होती. आई गोटीला आणायला वर गेल्या, दोन मिनिटांचं काम म्हणून किल्ली तशीच गाडीला राहिली, आणि खाली येऊन बघतात तर रस्ता रिकामा. आम्हाला माहीत होतं ते इतकंच. त्या दिवशी आई गोटीला कडेवर घेऊन चालत घरी आल्या आणि दारातच म्हणाल्या, "आजपासून मी गाडी चालवणार नाही." विमा कंपनीचा माणूस, पोलीस, शेजारच्या काकू, सगळ्यांना त्यांनी तेच सांगितलं, कुणी विचारलेलं नसताना.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. मी काळजी करणारी बाई आहे. नवरा म्हणतो, तू झोपेतही दार लावलंय का ते बघत असतेस. ती गाडी सुटली तेव्हा गोटी आत असती तर, हा विचार मी रोज अंथरुणावर पडल्या पडल्या करायचे, अगदी शेवटच्या वळणापर्यंत. आईंनी गाडी सोडली म्हटल्यावर निदान पुढची वळणं तरी टळली.

पण घरातलं काहीतरी त्याबरोबर गेलं, हेही मला दिसत होतं. सासरे गेल्यानंतर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या. शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्या दिवशी नमस्कार केला, दुसऱ्या दिवशी डोकं धरलं आणि तिसऱ्या दिवशी आपल्या बायकोला शिकवायला पाठवलं, असं त्या स्वतःच सांगायच्या. मग ही गाडी घेतली. नऊ वर्षांत त्यांनी तिला कुणाचा हात लागू दिला नाही. नवऱ्याने चालवायला मागितली की म्हणायच्या, "तू क्लच रडवतोस." त्याच आई आता पाळणाघराला चालत जात होत्या, गुडघा धरून, आणि येताना गोटीला पायऱ्या मोजायला शिकवत होत्या. गोटीला त्यातलं काही कळायचं नाही. ती फक्त विचारायची, "आजी, पीप-पीप कुठे?"

पोलिसांच्या आवारातून गाडी घरी आली तेव्हा नंबरची पाटी दुसरीच होती, सीटवर कुणाच्या तरी आवडीची लाल भडक कव्हरं होती आणि आत गोड उग्र वास होता. आई गॅलरीतूनही डोकावल्या नाहीत. मी ओल्या फडक्याने स्टिअरिंग, दारं, काचांची बटणं, सगळं पुसून काढलं. पुसता पुसता मीटरवर नजर गेली आणि मी फडकं खाली ठेवलं.

एकतीस हजार आणि वर थोडे.

मीटर मला पाठ होता. पूर्वी आईंच्या शेजारी बसले की मी आधी वेगाचा काटा बघायचे, मग आई म्हणायच्या, "माझ्याकडे बघ की बाई, काट्याकडे काय बघतेस?" म्हणून काट्याखालचे आकडे बघायला लागले, त्यांनी जीव घाबरत नाही. गोटी व्हायच्या दिवशी भर दुपारी आईंनीच मला दवाखान्यात नेलं. कळ आली की मी त्या आकड्यांना धरून बसायचे. दवाखान्याच्या दाराशी गाडी थांबली तेव्हा मीटरवर अठ्ठावन्न हजार आठशे पंच्याऐंशी होते. तो आकडा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आता गाडी म्हणत होती एकतीस. म्हणजे गाडीच्या हिशेबाने माझी मुलगी अजून जन्मलेलीच नव्हती.

मिस्त्री आमचे जुने. त्यांनी बॉनेटखाली डोकं घातलं, पॅडलचं झिजलेलं रबर अंगठ्याने चाचपलं, लॅपटॉप जोडला आणि हसायला लागले. "वहिनी, मीटर मागे फिरवलाय. पण ह्या लोकांनी समोरचा आकडा बदलला आणि ब्रेकच्या इलेक्ट्रॉनिक डब्यातही तो नोंदलेला असतो, त्याला सांगायचं विसरले. तो बिचारा खरं बोलतोय. एकाहत्तर हजार."

"म्हणजे चोरांनी चार महिन्यांत…"

"पळवलीय बघा मनसोक्त. मग विकायला काढली असेल, तेव्हा तरुण केली." त्यांनी हात पुसले. "एकतीस वाचून तुम्ही इंजिनातला हा बेल्ट आणखी दोन-तीन वर्षं चालवला असता. आणि हा तर आजउद्या तुटणार."

त्या 'तुटणार'वर मी दोन रात्री काढल्या. बेल्ट बदलला, ब्रेक बदलले, कव्हरं काढून टाकली. गाडी ठणठणीत झाली. नवऱ्याने विचारलं, "आई, गाडी तयार आहे. चालवणार?"

"विकून टाका," आई म्हणाल्या.

त्याने जाहिरात दिली. मीटरबद्दल आईंना सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं, आधीच त्या खचलेल्या. घेणाऱ्यांना मात्र सांगायचं, यावरून गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी आमचं वाजलंही होतं.

"मीटर आपण फिरवलाय का?" तो म्हणाला.

"नाही. पण आपल्याला माहीत आहे ना? तू सांगणार की मी सांगू?"

"अगं, सांगतो ना. आधी गाडी तर बघू दे त्यांना. पहिल्याच वाक्यात घरातली दुखणी कोण सांगतं?"

दुसऱ्या दिवशी एक जोडपं आलं. ती सात-आठ महिन्यांची गरोदर. तिने बसायच्या आधी खुर्ची हाताने दाबून बघितली, गोटीच्या वेळी मी अगदी तसंच करायचे. तिला बाळासाठीच गाडी हवी होती, चालवणार मात्र तो. त्याने खिशातून हात न काढता विचारलं, "किती झालीय?"

"मीटरवर एकतीस हजार आहेत," नवरा म्हणाला. 'चाललीय' नाही, 'मीटरवर आहेत'. शब्द इतका जपून ठेवला की मी त्याच्याकडे डोळे वटारले. त्याने डोळ्यांनीच 'थांब' म्हटलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात चहाचा ट्रे टेबलावर जरा जोरातच टेकला.

"किती?" आईंनी विचारलं.

"आई, तू बस ना…"

"किती हजार म्हणालास?"

"एकतीस," तो माणूसच म्हणाला. "फारच कमी वापर आहे, काकू. जपून ठेवलेली दिसते."

"जपून ठेवलेली?" आईंचा आवाज चढला. चार महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. "एकतीस हजार म्हणे! नऊ वर्षांत एकतीस? मी काय गाडी कपाटात घडी घालून ठेवली होती?"

"आई, चोरांनी मीटर फिरवलाय, खरे एकाहत्तर हजार झालेत," मी म्हणाले. "तुम्हाला सांगणार होतो. यांनाही सांगणारच होतो."

नवऱ्याने चहाचा मोठा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली.

आईंनी हात पुढे केला. "किल्ली."

त्या पुढे, मागून आम्ही सगळे, ती गरोदर मुलगीसुद्धा कठडा धरून, असा मोर्चाच खाली उतरला. आईंनी गाडीचं दार उघडलं आणि सवयीने चालकाच्या जागी बसल्या. सीट पुढे ओढली. आरसा नीट केला. मग किल्ली फिरवून चष्मा वर करत मीटर वाचला.

"काय मेल्यांनी केलंय हे!" त्या मला म्हणाल्या, "ऐक गं. तुझ्या नणंदेकडे वर्षातून तीनदा, जाऊन-येऊन नऊशे. ती कोरडी टाकी, आठवतंय? भर उन्हात मी डबा घेऊन चालत गेले होते. ह्याच्या नोकरीच्या मुलाखती सगळ्या, सहा ठिकाणी. पडला सगळीकडे."

"पाच ठिकाणी," नवरा मागून म्हणाला.

"सहावीत पास झालास, पण नेलं मीच. मग तुमचं लग्न, पाहुण्यांच्या खेपा. माझ्या मैत्रिणीचं डोळ्याचं ऑपरेशन, दर आठवड्याला नेत होते तिला, तिचा मुलगा कामात होता म्हणून. समुद्रावर गेलो होतो ते. तुझ्या पोटात गोटी असताना तपासण्या. कशी चालवत होते गं मी?"

"बैलगाडीसारखी," मी म्हणाले. "मागचे सगळे हॉर्न वाजवत होते."

"वाजवू देत. आणि मग रोज पाळणाघर. रोज. आणि त्या दिवशीचं शेवटचं…"

तिथे त्या थांबल्या. हात स्टिअरिंगवर तसेच. मग त्या समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "त्या दिवशी गोटी गाडीत होती."

मी उघड्या दाराला धरलं.

"मी तिला खाली आणलं, मागे सीटमध्ये बसवलं, पट्टा लावला. गाडी सुरू केली. तर ही भोकाड पसरते, 'माझी बाटली, माझी बाटली.' बाटली वर राहिलेली. म्हटलं पटकन धावत जाऊन आणावी, दोन जिने तर आहेत. अर्ध्यापर्यंत गेले आणि मला तुझा चेहरा दिसला. पिशवी भरताना तीनतीनदा उघडून बघतेस ना, तो. परत फिरले, पट्टा सोडला, तिला काखोटीला मारलं आणि वर गेले. घाईत किल्ली राहिली." त्यांनी आता माझ्याकडे बघितलं. "तुला सांगितलं नाही. म्हटलं तू मला पुन्हा तिला हात लावू देणार नाहीस."

चार महिने मी एकच दृश्य बघत आले होते: रिकामा रस्ता आणि गाडीत गोटी. त्यात एक माणूस मी कधी बघितलाच नव्हता. जिन्यात अर्ध्यावर थांबलेली, गुडघ्यावर हात ठेवून मागे वळणारी, सदुसष्ट वर्षांची ही बाई. किल्ली विसरली होती, पण मुलगी नाही.

मी खाली वाकले आणि त्यांचा चष्मा पदराने पुसून दिला, कारण त्यांना काही दिसत नसणार हे मला दिसत होतं.

ते जोडपं अवघडून उभं होतं. ती मुलगी तर नाक पुसत होती. तो मात्र व्यवहाराला पक्का. घसा साफ करून म्हणाला, "म्हणजे खरं रनिंग एकाहत्तर. मग काकू, किंमत त्या मानाने बरीच खाली यायला हवी. शिवाय चोरीचा डाग…"

"डाग?" आईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "कुणाला म्हणताय डाग?"

"आई…" नवरा म्हणाला.

"अरे, थांब. डाग म्हणे! गाडी विकायची नाहीये." मग त्या मुलीकडे वळून एकदम मऊ आवाजात, "तू चहा पिऊन जा हं, गार झाला असेल, दुसरा करते. आणि कुठलीही गाडी घेशील तर आमच्या मिस्त्रींना दाखवून घे. मीटरवर जाऊ नकोस, पॅडलचं रबर बघ."

जिना चढताना नवरा माझ्या कानात पुटपुटला, "झाली विक्री." पण हसत होता. त्यालाही तो आवाज ऐकून किती दिवस झाले होते.

मिस्त्रींनी सांगितलं, की कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पोलिसांचा दाखला दाखवला तर खरा आकडा परत लावून देतात, फक्त महिनाभराची वाट आहे. आईंनी नाव नोंदवलं. तोपर्यंत मीटरखाली कागदाची पट्टी चिकटवली आणि त्यावर आपल्या ठळक अक्षरात लिहिलं: 'हा खोटं बोलतो.'

चोरांनी डिकीत कोंबलेली गोटीची सीट मी रविवारी धुऊन वाळवली आणि सोमवारी सकाळी गाडीत बसवली. पट्टा एकदा ओढून बघितला. दुसऱ्यांदाही बघितला. तिसऱ्यांदा हात पुढे गेला तेव्हा आई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीच एक हिसका दिला. "पक्का आहे."

मग मी त्यांच्या हातात किल्ली ठेवली. तिला मी लांब लाल दोरी ओवली होती, गळ्यात घालता येईल अशी.

"हे काय? मला शाळेत पाठवतेस?"

"हो. रोज उतरताना गळ्यात."

"आणि नाही घातली तर?"

"तर मी तुमच्याबरोबर येईन आणि वेगाचा काटा बघत बसेन."

"नको बाई, तेवढं नको," असं म्हणून त्यांनी दोरी गळ्यात अडकवली. तशी अडकवून गाडी सुरूच होईना, कारण किल्ली छातीवर आणि कुलूप स्टिअरिंगखाली. त्या वाकल्या, मान तिरकी केली, कपाळाने हॉर्न वाजला. मागून गोटी टाळ्या पिटत ओरडली, "पीप-पीप! आजीने डोक्याने पीप केलं!"

शेवटी आईंनी दोरी गळ्यातून काढून किल्ली लावली आणि मी दार लावलं. खिडकीतून वाकून म्हणाले, "पोचलात की फोन करा."

"इथून दोन गल्ल्या आहेत."

"तरी करा."

गाडी बैलगाडीच्या वेगाने कोपऱ्यापर्यंत गेली, हात दाखवून वळली आणि दिसेनाशी झाली. मी फाटकाशी तशीच उभी राहिले, हातात फोन धरून. आईंच्या गाडीमागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. वाजवू देत, म्हटलं. मग फोन वाजला. पलीकडून आधी दोरीची किल्ली फोनवर आपटल्याचा खणखणाट आला आणि मग आईंचा आवाज, "घेतली गं, घेतली. किल्ली गळ्यात, गोटी कडेवर. दोघींनाही घेतलंय."