लाल ठिपक्याच्या तिसऱ्या

तीनशे बारा तिसऱ्या, खाडीच्या वाळूतले जिवंत शिंपले. त्यांतल्या एकशे सात लाल ठिपक्याच्या, दोनशे पाच साध्या. चार रिकाम्या शिंपल्या आणि एक लहान खेकडा मोजणीत धरला नाही.

मी पुन्हा मोजलं. तेवढंच भरलं.

"लाल गावल्यो मा भरपूर?" गुरुदास खाडीच्या पाण्यात हात धूत म्हणाला. "मॅडम खूश होतली."

मॅडम खूश होणार नव्हत्या. शेवटच्या वर्षाला दोन वेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांनी एका मार्गदर्शकाच्या हाताखाली मिळून संशोधन करायचं, अशी विद्यापीठाची योजना होती. मी प्राणिशास्त्राची, कुडाळहून येणारी. गुरुदास समाजशास्त्राचा, तारकर्लीचाच. कर्ली खाडीच्या वाळूत तिसऱ्या किती उरल्यात हे मी काढायचं आणि त्या गोळा करणाऱ्या बायकांशी त्याने बोलायचं, अशी वाटणी शर्मिला मॅडमनी केली होती.

पंधरवड्यापूर्वी आम्ही दोरीने एक चौकोन आखला होता. आत साधारण सोळाशे तिसऱ्या होत्या. त्यांतल्या दोनशे काढून, पुसून, वाळवून प्रत्येकीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि परत वाळूत सोडल्या. म्हणजे दर आठांत एक लाल. आता दर तिनांत एक निघत होती.

बायका रोज सुकतीला, ओहोटीचं पाणी उतरलं की, तिथे येतात हे आम्हाला माहीत होतं. पण काढताना लाल आणि साध्या सारख्याच जातील, प्रमाण तेच राहील. सगळी पद्धतच त्यावर उभी होती. प्रमाण बदललं याचा मला एकच अर्थ दिसत होता. कोणीतरी मागाहून लाल ठिपके वाढवले होते. नेलपॉलिशची बाटली गुरुदासकडे होती.

मॅडमनी आकडे पाहिले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दोनशेतल्या एकशे सात लाल परत? इतकं छान कधी येत नाही, गौरजा. आणि याच्या मुलाखती बघ. सगळीकडे एकच उत्तर, 'म्हायत नाय'. हा तिथे जातो तरी का?" त्यांनी आवाज खाली आणला. "सोमवारपर्यंत मला सांग. आकडे बनवलेले असतील तर त्याचं नाव काढावं लागेल. म्हणजे त्याचं वर्ष गेलं."

मी गुरुदासकडून बाटली मागून घेतली आणि प्रयोगशाळेतल्या काट्यावर ठेवली. ठिपके देऊन झाल्यावर सवयीने तिचं वजन केलं होतं. फरक जवळपास नव्हता. पण तीच बाटली मालवणच्या बाजारात कुठेही मिळते.

तो दारात उभा होता.

"बाटलेचा वजन करतंस? मगे माका पण घाल काट्यार. बघ, किती खोटो आसंय तो."

"मी फक्त तपासतेय."

"तपास, तपास. पिशवी पण बघतंस?" त्याने खरंच पिशवी उलटी केली. आत रिकामा डबा, मोबाईलचा चार्जर आणि सुकलेली वाळू होती.

रविवारी त्याला न सांगता मी तारकर्लीला गेले. सुरूच्या झाडांआड उभी राहिले. तो आला तर ठिपके देतानाच दिसेल, असा हिशेब होता. पाणी उतरलं. गुरुदास आला नाही. टोपल्या घेऊन पाच बायका आल्या आणि आमच्या चौकोनातच बसल्या.

त्या भरभर उकरत होत्या. सगळ्यांत पुढे होती तिने एक तिसरी उचलली, अंगठ्याने वाळू पुसली आणि मागे टाकली. पुढची टोपलीत. पुढची टोपलीत. मग पुन्हा एक मागे. मी जवळ गेले. मागे पडलेल्या सगळ्या लाल होत्या.

मला पाहून ती झटकन उठली. हौसाबाई तिचं नाव. गुरुदासने तिची ओळख करून दिली होती.

"आमी घेवक नाय हां! तुमची येक पण घेवक नाय," ती टोपली पुढे करत म्हणाली. "बघ, मोजून बघ. मोजूकच इलंस मा?"

"का नाही घेत?"

"कित्याक म्हणजे? रंग लावलेली कोंबडी आमच्या परड्यात इली तर आमी कापतो काय? जेची तेका. उद्या तुमी म्हणतलास, तारकर्लीच्या बायकांनी चोरली."

"गुरुदासला हे का नाही सांगितलंत?"

"तेका?" मागची एक हसली. "तो मोबाईल धरता तोंडासमोर. काय सांगलंव तर खंय जायत, कोणाक ठाऊक! उद्या हयसर बंदी इली म्हणजे?"

सोमवारी मी मॅडमना सगळं सांगितलं. गुरुदासही होता.

"तू थंय कित्याक गेललंस?" त्याने मला विचारलं.

"तुला बघायला."

"मगे? बघलंस?"

"तू आला नव्हतास."

"बरां," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

मॅडमचं समाधान झालं नव्हतं. "हौसाबाई त्याच्याच वाडीतली ना? तिचा शब्द मी कसा धरू? नवा चौकोन आखा."

गुरुदास बाहेर गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. शंभर तिसऱ्यांवर लाल ठिपका, आणि प्रत्येक ठिपक्यावर बारीक काळ्या पेनाने क्रमांक. आणखी शंभरांना कानशीने कडेवर चरा, भिंगाशिवाय दिसणार नाही असा. कोणी मागाहून ठिपके दिले तर ते क्रमांकाशिवाय निघतील; बायका खरंच लाल मागे टाकत असतील तर चऱ्याच्या लालपेक्षा कमी उरतील. चऱ्याबद्दल गुरुदासला सांगायचं नाही. त्याच्यापासून वाडीला कळेल, वाडीतून बायकांना. बाटली मॅडमच्या कपाटात, किल्ली त्यांच्याकडे.

पंधरा दिवस गुरुदास माझ्याशी कामापुरतं बोलला. मोबाईल न घेता तो बायकांकडे जात राहिला. एकदा डब्यातली तिसऱ्यांची एकशिपी, शिंपेसकट केलेलं सुकं, माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "खा. रंग नाय लावलेलो."

सोळाव्या दिवशी मॅडम स्वतः चौकोनाच्या कडेला उभ्या राहिल्या. गुरुदासने उकरलं, मी भिंग धरलं, दोघांनी वेगवेगळं मोजलं. आकडे जुळले.

एकूण तिसऱ्या तीनशे चार. लाल, क्रमांकासह: शंभरांपैकी बेचाळीस. लाल, क्रमांकाशिवाय: शून्य. चऱ्याच्या: शंभरांपैकी अकरा.