रंगकाकांचा पांढरा

रंगाच्या दुकानात तीस वर्षं उभ्या असलेल्या माणसाला डोळ्यांबद्दल कुणी शिकवलेलं खपत नाही. रंगकाकांना तर नाहीच. समोरच्या दुकानात रंग मिसळायचं यंत्र आलं, तरी लोक काकांकडेच येत. कुणी नमुन्याला गुंडी आणे, कुणी शिंपला. काका तो दाराशी उजेडात धरत, मान तिरकी करत आणि थेंब थेंब टाकत हुबेहूब तोच रंग डब्यात उतरवत.

अशा माणसाला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे म्हणणं म्हणजे गवयाला बेसूर म्हणण्यासारखंच. पण डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या. घाई नाही म्हणाल्या, काम अडायला लागलं की ऑपरेशन करून टाकू. काकांनी हे वाक्य पक्कं गाठीला बांधलं. काम अडतंय? नाही. मग झालं तर.

घरी त्यांनी काकूंना समजावलं, की मोतीबिंदू आधी पिकावा लागतो. ही जुनी समजूत आहे, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं होतं. ते मात्र काकांनी घरापर्यंत आणलंच नाही.

"मग गवतात घालून ठेवू का तुम्हाला?" काकू म्हणाल्या. "चार दिवसांत पिकाल. काल खुंटीवरच्या कोटाला या बसा म्हणालात."

"कोट ओळखीचा होता," काका म्हणाले.

असं वर्ष गेलं. मग डॉक्टरीणबाईंनी दवाखाना रंगवायला काढला. नमुना वगैरे काही नाही, फक्त सायीसारखा पांढरा द्या म्हणाल्या. काकांना डब्यातला पांढरा पिवळट दिसला, म्हणून त्यांनी निळ्याचा थेंब टाकला. तरी पिवळटच. आणखी दोन टाकले. मग कसा सायीसारखा दिसला.

पुढच्या तपासणीला बाईंनी त्यांना भिंतीसमोर बसवलं आणि रंग विचारला. सायीचा, काका अभिमानाने म्हणाले.

"निळा आहे, काका. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर पिवळी काच. तुम्ही ती पिवळाई निळ्याने धुताय. नमुना असला की तोही त्याच काचेतून दिसतो, म्हणून जुळतं. तुमचं काम अडलेलं नाहीच. आमचं अडलंय. येणारा प्रत्येक जण विचारतो, पोहण्याचा तलाव कुठे आहे."

काका तडक घरी आले. आपल्या घराच्या भिंती कसल्या आहेत, असं त्यांनी काकूंना विचारलं.

"निळ्या. पाच वर्षं झाली."

"आणि बोलली नाहीस?"

"इतक्या मायेने लावला होता तुम्ही. मला वाटलं, आता निळा आवडायला लागला असेल."

गल्लीतही कुणी बोललं नव्हतं. काकांचा डोळा चुकणार नाही, म्हणजे आपलाच चुकत असणार, असं जो तो धरून चालला होता. बेकरीवाल्याने तर त्यापायी दोनदा चष्मा बदलला होता.

काकांनी उजवा डोळा करून घेतला. पट्टी निघाल्यावर गल्लीत पाऊल टाकलं आणि जागीच थिजले. सतरा घरं, सतराही निळी. देवाने आभाळ वर ठेवलं होतं, काकांनी ते खाली उतरवलं होतं. तीस वर्षांचं नाव, ते आता कुठल्या तोंडाने सांगायचं?

आठवड्याने बेकरीवाला आला. भिंतीचा पोपडा निघाला होता, त्याला नेहमीचा पांढरा हवा होता. काकांनी शरमेने खराखुरा पांढरा दिला. संध्याकाळी डबा परत. भिंतीवर ठिगळ दिसतंय म्हणे, नेहमीचाच द्या. काकांनी नव्या डोळ्यावर तळहात ठेवला, जुन्याने पाहिलं आणि तीन थेंब टाकले. अगदी जुळला. झालं, बातमी फिरली. जो तो जुन्या डोळ्याचा पांढरा मागू लागला आणि काकांची मान पुन्हा ताठ झाली.

डॉक्टरीणबाईंनी डाव्या डोळ्याची तारीख विचारली, तेव्हा काका गंभीरपणे म्हणाले, "सतरा घरं या डोळ्यावर आहेत, बाई. त्यांची डागडुजी आयुष्यभर चालायची. एवढा डोळा राहू दे."

बाईंनी काकूंकडे पाहिलं.

"गुंडीवरून रंग जुळवता ना?" काकू म्हणाल्या. "मग ज्याला हवा त्याने भिंतीचा पोपडा घेऊन यावा. नव्या डोळ्याने जुळवा."

काकांनी तोंड उघडलं. पिकण्याबद्दल काहीतरी जिभेवर आलं होतं, ते गिळलं.

"सोमवार चालेल?" ते म्हणाले.

रविवारी ते घरात भिंतीसमोर उभे राहिले. एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. साय, निळा. साय, निळा. बराच वेळ हा खेळ चालला.

"अगं," ते शेवटी म्हणाले, "निळाच बरा दिसतोय."

"मी कुठे काही म्हणाले?" काकू आतून म्हणाल्या.