उस्ताद बिनसावल्या

आपण चोर आहोत ही बातमी याकूबला सगळ्यांच्या शेवटी कळली. शिवऱ्यात हायवेच्या कडेला त्याचं पंक्चरचं दुकान होतं आणि शेजारी मानसिंगचं चहाचं हॉटेल. एके सकाळी मानसिंग भोरच्या एसटी स्टँडवरून एक रंगीत पुस्तक घेऊन आला, ते याकूबच्या कॉम्प्रेसरवर ठेवलं आणि म्हणाला, "याकूबभाई, तुमी छापून आलाय."

पुस्तक अम्रीनचं होतं, याकूबच्या थोरल्या लेकीचं. भोरच्या कॉलेजात शिकता शिकता ती चित्रं काढायची, आणि पुण्याच्या एका छोट्या प्रकाशकानं तिला कॉमिकचं काम दिलं होतं. त्यात वादळी नावाची मुलगी होती. ती वाऱ्यासारखी उडायची आणि चोर-दरोडेखोर धरून चौकीत नेऊन टाकायची, एवढं याकूबला ठाऊक होतं. पहिल्या अंकाचे पेढे त्यानं अख्ख्या हायवेला वाटले होते. वाचायचा मात्र त्याला कंटाळा. अक्षर लावत पान संपेपर्यंत दारात ट्रक येऊन उभा राहायचा.

आता त्यानं हात पुसले आणि पानं उलटली. नव्या अंकात वादळीला तिचा बाप सापडला होता. बाप म्हणजे उस्ताद बिनसावल्या, चोरांचा चोर. भर उन्हात उभा राहिला तरी त्याची सावली पडत नसे, आणि त्याच्या बोटांना वश होणार नाही असं कुलूप अजून घडायचं होतं. या बिनसावल्याची डावी भुवई मधोमध तुटलेली होती, गळ्यात टॉवेल होता आणि विचार करताना तो कानाची पाळी ओढत होता.

याकूबचा हात आपसूक कानाकडे गेला, तसा मानसिंग खो खो हसत सुटला.

पहिले काही दिवस थट्टेवारीत गेले. सायकलवाली पोरं "उस्ताद, हवा भरा" म्हणायची, याकूबही "सायकल सांभाळा रं, न्हाईतर गायब करीन" म्हणायचा. मग एका दुपारी सांगलीकडचा एक ड्रायव्हर टायर खोलायला देऊन चहाला गेला. मानसिंगनं त्याला पुस्तक दाखवलंच असणार. तो परत आला, याकूबकडे बघून हसला, केबिनला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

थट्टा होती की खरंच, ते याकूबला कळेना. इतकी वर्षं त्याच्या दारात ट्रक उघडे टाकून माणसं जेवायला जात. त्या दिवशी त्याला घास गोड लागला नाही.

"अमू," संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "चोर काढायला तुला दुसरा कुणी गावला न्हाई?"

अम्रीनच्या हातातली भाकरी हातातच राहिली. तिची आई सुगरा वाढता वाढता थांबली.

"चोर म्हणून न्हाई काढलं तुमाला, अब्बा," अम्रीन म्हणाली. "बाप म्हणून काढलं. गोष्टीतला बाप चोर हाय, हे आधीच ठरलं होतं. पण बाप काढायला बसले आन दुसरं तोंडच येईना. लई खोडलं."

"लोक हसत्यात."

"पुढच्या अंकात मिशा लावते."

"मिशा नको." भाकरी मोडत त्यानं विचारलं, "पुढं काय करतो त्यो?"

"मरतो. वादळी त्याला पुलावरनं ढकलते. संपादक म्हणत्यात, पोरीच्या हातनं बाप मेला की खप वाढंल."

 दुसऱ्या दिवशी याकूबनं दुकानात बसून ते पुस्तक पहिल्यापासून वाचून काढलं. एका पानावर बिनसावल्या लेकीच्या खिडकीतून आत शिरत होता. ती झोपली होती. तिच्याकडं बघत तो बराच वेळ उभा राहिला आणि कशालाही हात न लावता, खिडकी ओढून घेऊन निघून गेला. ते पान याकूबनं पुन्हा वाचलं. दारातल्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, तरी तो उठला नाही.

शनिवारी अम्रीन चित्रं द्यायला पुण्याला निघाली, तेव्हा धुतलेला शर्ट घालून तोही एसटीत चढला.

प्रकाशकाची कचेरी अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात, जिन्याखाली होती. तरुण संपादकानं मान वर केली आणि तो बघतच राहिला. "अरे! हे तर..."

"व्हय, त्योच," याकूब म्हणाला. "साहेब, त्याला मारू नका. चोरी केलीय, तर पकडा, आत घाला. पण पोरीच्या हातनं बाप मारू नका. पुढं तिला जेवण कसं जाईल?"

"अहो काका," संपादक हसला, "ती कागदावरची पोरगी. ती कुठं जेवते?"

"ह्यो चोरबी कागदावरचाच हाय. पण त्याच्यापायी माज्यासमोर खरं कुलूप लागलं."

संपादक हसायचा थांबला. तो खपाचं काहीबाही सांगू लागला, तेव्हा अम्रीन म्हणाली, "सर, मी नाही ढकलणार त्याला. दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या."

दुसरं कुणी त्याच्याकडे नव्हतं. "बरं, पकडा," तो म्हणाला. "पण अंक पडून राहिले तर मला सांगू नका."

पुढच्या अंकात वादळीनं हाक मारल्यावर बिनसावल्या पुलावर थांबला आणि त्यानं आपणहून दोन्ही हात पुढं केले. बेड्या त्याला चुटकीसरशी काढता आल्या असत्या, पण त्यानं काढल्या नाहीत. याकूबच्या डोळ्यांत ते पान बघताना पाणी आलं. अंक मात्र खरोखरच पडून राहिले आणि कॉमिक लवकरच बंद झालं. अम्रीन महिनाभर सुतकी तोंड करून फिरली, मग भोरच्या एका शाळेत चित्रकला शिकवू लागली. पुढं तिचं लग्न झालं.

काही वर्षांनी ती माहेरी आली असताना दुकानात बापाला डबा द्यायला गेली. याकूब ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता.

"अमू, त्यो अजून आतच हाय का गं?"

"कोण?"

"बिनसावल्या."

"अब्बा, पुस्तकच बंद पडलं की."

"ते झालं. पण शिक्षा किती झालेली त्याला?"

अम्रीननं तसं काही ठरवलं नव्हतं. "तुमीच सांगा," ती म्हणाली.

"चांगला वागला असंल तर सव्वीस जानेवारीला सोडत्यात."

"मग सुटला असंल."

याकूबनं ट्यूब बाहेर काढली. "न्यायला कुणी आलं होतं का?"

"वादळी आली होती."

"उडत नेलं त्याला?"

अम्रीननं जरा विचार केला. "न्हाई. एसटीनं नेलं."

"बरं केलं," याकूब म्हणाला. "त्या वयाला वारा सोसत न्हाई."