खंड्या गेल्यावरचं पाणी

उजवा डोळा मिटला की पाणी राखाडी होत होतं. डावा मिटला की जांभळं.

तिने पुन्हा करून पाहिलं. उजवा मिटला : राखाडी, संथ, सकाळचं पाणी. डावा मिटला : जांभळं, शाईची दौत लवंडल्यासारखं.

“अगं, सारखे डोळे मिचकावू नकोस. डॉक्टरांनी काय सांगितलंय?” दारातून नवरा म्हणाला. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. निवृत्त झाला तरी बोलताना मजल्यामजल्यावर थांबत बोलायचा.

“जरा इकडे या.”

तो आला. मागच्या खोलीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेल्या दोरीवर गोधडी टांगलेली होती. माणूसभर उंच आणि दोन हात पसरले तरी उरेल एवढी रुंद. पांघरायची नव्हे, भिंतीवर लावायची. दोन वर्षं ती ही शिवत बसली होती.

“या पाण्याचा रंग कोणता?”

“कुठल्या पाण्याचा?”

“सोंग घेऊ नका.”

त्याने गोधडीकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. “जांभळा,” तो म्हणाला. चोरी कबूल करावी तसा.

तिने स्टूल ओढलं आणि ती बसली.

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून आठ दिवस झाले होते. पट्टी निघाली त्या सकाळपासून घरात रोज नवा शोध लागत होता. स्वयंपाकघराच्या भिंतीला तेलकट ओघळ होते. ज्या चादरी ती पांढऱ्या म्हणून घालत होती, त्यातली एक पिवळट निघाली. आणि चहा देताना नवऱ्याच्या तोंडाकडे बघून ती म्हणाली होती, “अहो, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?”

“तुझं लक्ष नव्हतं तेव्हा,” तो म्हणाला होता.

तेव्हा दोघंही हसले होते. गोधडी मात्र त्याने त्याच दिवशी घडी करून कपाटावर टाकली. धागा उडून डोळ्यात जाईल म्हणाला. तिला ते पटलंही. आज मंगळवार. गुरुवारी वाचनालयातली मुलगी तिथल्या भिंतीवर लावण्यासाठी गोधडी न्यायला येणार, म्हणून तिने ती हट्टाने खाली काढायला लावली होती. आणि आता तिला कळत होतं की धाग्याची भीती वगैरे काही नव्हतं.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.”

“मला काय ठाऊक असणार?”

“दोन वर्षं जांभळं पाणी डोळ्यांसमोर होतं आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत!”

“मला वाटलं, कला आहे.”

“कला!”

“आता मी काय बोलणार? तूच म्हणालीस, तुम्हाला रंगातलं काही कळत नाही म्हणून.”

“मी कधी म्हणाले?”

“पडद्यांच्या वेळी.”

“अहो, पडद्यांना चाळीस वर्षं झाली!”

“हो. पण शब्द मागे घेतल्याचं मला काही आठवत नाही,” तो म्हणाला आणि चहा टाकायला निघून गेला.

एकोणतीस वर्षं ती एका मोठ्या रुग्णालयाच्या कापडखोलीत कामाला होती. फाटलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे डगले. सगळ्यांना ठिगळं लावायची. पांढरं आणि हिरवं, हिरवं आणि पांढरं. एखादं माणूस त्या दोन रंगांत विटून गेलं असतं. पण तिच्या मशीनसमोर खिडकी होती, खिडकीखाली कालवा होता आणि कालव्यावरून गेलेल्या गंजक्या नळावर रोज सकाळी खंड्या पक्षी येऊन बसायचा. पुतळ्यासारखा बसायचा. आणि तिने सुईत दोरा ओवायला मान खाली घातली रे घातली की सूर मारायचा. ती वर बघेपर्यंत नळ रिकामा आणि पाण्यावर वर्तुळं. मधोमध त्याचा निळा रंग, तिच्या डोळ्यात अजून राहिलेला. पक्षी गेलेला आणि रंग मात्र जायचा राहिलेला. तेवढ्या एका क्षणासाठी ती सकाळची पाळी मागून घ्यायची.

पुढे कालव्यावर फरशा घातल्या, वर गाड्या उभ्या राहू लागल्या. तीही निवृत्त झाली. मग तिने शिंप्यांच्या दुकानांतून उरलेली कापडं गोळा केली आणि तो क्षण शिवायला घेतला. नऊ वर्तुळं, एकात एक. रोज चहाआधी शंभर टाके, हा नेम. ताप असला तरी शंभर. घरात पाहुणे असले तरी शंभर. देवापुढे हात जोडावेत तशी ती सुई हातात धरायची; टाके झाल्याशिवाय चहाचा घोट घशाखाली उतरायचा नाही.

समोर पाणी ठेवून शिवलं असतं, तर चूक झालीच नसती. पाणीही त्याच मळक्या डोळ्याने दिसलं असतं आणि कापडही. पण पाणी आठवणीतलं होतं, चांगल्या डोळ्यांच्या काळातलं. आणि कापड निवडणारा डोळा आजचा. डोळ्यापुढचा पडदा एका रात्रीत थोडाच पडतो? तो चहाच्या रंगासारखा हळूहळू उतरत गेला असणार. करडं म्हणून तिने उचललं ते जांभळं होतं. खंड्याचा निळा फिका वाटला म्हणून ती त्याहून गडद शोधत गेली, त्याहूनही गडद. आता तो निळा मधोमध बोंब मारत होता.

बुधवारी नवरा डोळ्यांचे थेंब आणायला बाहेर पडला आणि तिने छोटी कात्री घेतली. वाकायचं नाही, बारीक काम करायचं नाही, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. तिने गोधडी मांडीवर ओढली आणि बाहेरच्या वर्तुळातला तळहाताएवढा एक जांभळा तुकडा उसवला. डब्यात खऱ्या राखाडी रंगाचं कापड होतं, कुणाच्या तरी कोटाचं अस्तर. ते बेतून तिने जागेवर टाचलं. बोटं भराभर चालत होती. आठ दिवसांचे आठशे टाके बोटांत साठून राहिले होते.

उभी राहून तिने नव्या डोळ्याने पाहिलं. बरोबर! अगदी तस्सं!

मग तिने तो डोळा झाकून जुन्याने पाहिलं. संथ पाण्यात चिखलाचा गोळा पडल्यासारखा तो तुकडा दिसत होता. या डोळ्याचं साधावं तर त्याचं मोडतं. एकाच वेळी दोघांना खरं वाटेल असं कापड कुठल्याच दुकानात मिळणार नव्हतं.

ती खोलीत येरझाऱ्या घालू लागली. दाराशी जाऊन एक डोळा मिटायची, खिडकीशी येऊन उघडायची. सोमवारी डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया. म्हणजे सोमवारनंतर दोन्ही डोळे नवे. मग सगळं सोपंच होतं. वर्षभर बसून नऊच्या नऊ वर्तुळं उसवावीत आणि नीट करावीत.

पण जे तिने शिवलं होतं, शंभर-शंभर टाक्यांनी, ते या एका डाव्या डोळ्याखेरीज जगात कुणी पाहिलेलंच नव्हतं. आणि तो डोळा सोमवारी जाणार होता.

“हे काय चाललंय?” नवरा पिशवीसकट दारात उभा.

तिने कात्री पाठीमागे लपवली. या वयात!

“आभाळ फाटलं म्हणून ठिगळ लावत होते,” ती म्हणाली.

तो जवळ येऊन वाकला. राखाडी तुकडा बघितला, उसवलेला जांभळा बघितला. त्याच्या कडेने सुईची भोकं रांगेने दिसत होती, मुंग्या गेल्यासारखी.

“वाचनालयातली ती पोरगी उद्या येईल,” तो म्हणाला. “तिला तर आवडली होती ना?”

“तीच तर पंचाईत आहे!” तिचा आवाज एकदम चढला. “काय म्हणाली होती ती? काकू, पाण्याला असा रंग द्यायला छाती लागते. मला वाटलं, ती वर्तुळांबद्दल बोलतेय. मी आपली मान डोलावली, जणू काही… अहो, जे मी केलंच नाही त्याचं कौतुक पदरात पाडून घेऊ? चार माणसं खाली उभी राहून म्हणणार, वा, काय हिंमत! आणि हिंमत कसली, मोतीबिंदू!”

“नाकापेक्षा मोती जड,” तो पुटपुटला.

तिला हसू आलं आणि त्याचाच राग आला. “हसवू नका. मला झोप लागत नाहीये.”

तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला, गुडघे धरून, हळूहळू. “हे बघ. लिफ्टमध्ये बिघाड झाला तर मी दुरुस्त करायचो. पण लोकांना वर जायचं असायचं, ते मी कधी दुरुस्त केलं नाही.”

“म्हणजे काय?”

“मलाही नीट कळलं नाही. पण सुचलं.”

तिने कात्री पुढे घेतली. मग तिने राखाडी कापडाचे टाके कापले. जांभळा तुकडा उचलला, कडा जुळवल्या आणि तो परत शिवायला घेतला. नव्या डोळ्याला भोकं लख्ख दिसत होती. प्रत्येक टाका तिने त्याच्या त्याच्या जुन्या भोकात घातला. नवऱ्याने डॉक्टरांचं नाव काढलं नाही. दोरा संपला की तो सुईत ओवून द्यायचा, ते मात्र त्याने केलं.

गुरुवारी वाचनालयातली मुलगी आली, हातात जुनी चादर घेऊन, गोधडीला गुंडाळायला. तिने दोरीवरच्या गोधडीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. “काकू, मी घरी आईला सांगून दमले, या रंगाबद्दल. कसं सुचलं हो तुम्हाला?”

“सुचलं नाही,” ती म्हणाली. “बस आधी. चहा घे.”

आणि तिने सगळं सांगितलं. कालवा, नळ, खंड्या, राखाडी पाणी. काही लपवलं नाही. सांगताना हात मात्र मांडीवर एकमेकांना धरून बसले होते, कारण मुलगी ‘मग राहू द्या’ म्हणून रिकामी चादर घेऊन निघून गेली असती, तर त्या दोन हातांना पुढे काय करायचं हे माहीत नव्हतं.

मुलगी आधी हसली. मग हसायची थांबली. उठून गोधडीजवळ गेली आणि मधल्या निळ्यावर तिने बोट ठेवलं, पटकन काढूनही घेतलं.

“म्हणजे तुम्ही जी केली ती ही नाहीच.”

“हीच आहे. पण मला ती वेगळी दिसत होती.”

“नेऊ ना मग?”

“ने. पण खाली पाटी लावशील ना? त्यावर मी सांगते तेच लिही. छाती-बिती काही लिहू नकोस.”

मुलीने पिशवीतून कागद काढला. ती सांगत गेली, मुलगी लिहीत गेली. एकच ओळ होती, पण तीनदा खोडावी लागली.

सोमवारी दवाखान्यात दहाला पोहोचायचं होतं. वाचनालय नऊला उघडायचं. नवऱ्याने विचारलंही नाही. तिला घेऊन बसमधून दोन थांबे आधी उतरला आणि वाचनालयाकडे चालू लागला.

वर्तमानपत्रं वाचायच्या खोलीत, दोन उंच खिडक्यांच्या मध्ये, गोधडी लावली होती. खाली एक म्हातारे गृहस्थ पेपरात तोंड घालून बसले होते. पाटी छोटीशी होती, टाइप केलेली :

खंड्या गेल्यावरचं पाणी.
शिवणारीला हे पाणी राखाडी दिसत होतं.

ती समोरच्या बाकावर बसली. बुधवारपासून प्रथमच तिला उठून येरझाऱ्या घालाव्याशा वाटल्या नाहीत. तिने उजवा तळहात उचलून नव्या डोळ्यावर अलगद धरला, डोळ्याला लागणार नाही असा.

पाणी आलं. संथ, करडं, सकाळचं. तिने बाहेरून आत एकेक वर्तुळ मोजलं. नऊ. आणि मधोमध तो, नुकताच गेलेला.

भिंतीवरचं घड्याळ नऊ वाजून पंचवीस मिनिटं दाखवत होतं. नवरा तपासण्यांची फाइल काखेत धरून शेजारी उभा होता. थोड्या वेळाने त्याने फाइल बाकावर ठेवली, हात उचलला आणि आपलाही एक डोळा झाकला. पेपरवाल्या गृहस्थांनी दोघांकडे एकदा पाहिलं आणि पान उलटलं.

“काही दिसतंय का?” तिने हळूच विचारलं.

“थांब जरा,” तो म्हणाला, आणि हात न काढता तसाच उभा राहिला.